भुयाराच्या दारावरची पाटी

काठिण्य पातळी हा शब्द मूळचा आम्हा शिक्षकांचा. प्रश्नपत्रिका काढायची म्हणजे आधी संविधान तक्ता भरायचा. सोपे प्रश्न किती गुणांचे, मध्यम किती, कठीण किती. तक्ता मुख्याध्यापकांकडे जायचा आणि मुलांना त्याचा पत्ताही नसायचा. निवृत्तीनंतर हा शब्द मला पुन्हा भेटला तो नातवाच्या कॉम्प्युटरवर, 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नावाच्या ऑनलाइन खेळात. आणि मंडळी, खरे सांगते, तिथे तो आमच्यापेक्षा जास्त प्रामाणिकपणे वापरलेला दिसला.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीने तो २००४ साली काढला. त्यात 'डंजन' असतात. डंजन म्हणजे खरे तर किल्ल्याखालची अंधारकोठडी, पण खेळात गुहा, भुयार, पडका वाडा, काहीही चालते. पाच जणांनी मिळून आत जायचे. एक जण पुढे उभा राहून मार खातो, एक जण सगळ्यांच्या जखमा भरतो, उरलेले तिघे शत्रूवर तुटून पडतात. शेवटी मोठा राक्षस. तो पडला की तलवार, चिलखत असे काहीतरी बक्षीस.

आता गंमत अशी की तेच भुयार वेगवेगळ्या पातळ्यांवर खेळता येते. आधी एकच साधी पातळी होती. २००७ मध्ये 'हिरॉइक' आली, २०१५ मध्ये 'मिथिक'. वाटा त्याच, राक्षसही बहुतेक तेच. फक्त त्यांची ताकद वाढते, फटका जोरात बसतो, काहींना एखादी नवी युक्ती येते, आणि बक्षीसही वरच्या दर्जाचे मिळते.

"मग वरच्या पातळीला नवीन काय शिकावं लागतं?" मी विचारले.

"नवीन फारसं नाही गं आजी. नॉर्मलमध्ये राक्षसाचा मंत्र तोडायचं राहिलं तरी चालून जातं. हिरॉइकमध्ये राहिलं तर सगळे मरतात."

हे उत्तर मला फार आवडले. ज्ञान तेच, पण चुकीला माफी किती ते बदलते. बी.एड.च्या पुस्तकात काठिण्याची इतकी सुटसुटीत व्याख्या मी वाचलेली नाही!

ही कल्पना तशी जुनी आहे. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद-पेन्सिल-फाशांचा खेळ आला. त्यात जितके खाली उतराल तितके संकट मोठे. म्हणजे प्रत्येक जिना ही एक सूचनाच. पुढे कॉम्प्युटरच्या खेळांत पातळी दारावरच निवडता येऊ लागली. २०१६ मध्ये तर 'मिथिक प्लस' आले. त्यात एक चावी असते आणि चावीवर आकडा. भुयार ठरलेल्या वेळेत पार केले की चावीचा आकडा वाढतो, वेळ चुकली की सहसा एका पायरीने उतरतो. इथे पास-नापास अशी एकच रेघ नाही. ज्याची त्याची पायरी त्याला सापडत जाते, आणि उद्या पुन्हा चढायला कोणाची परवानगी लागत नाही.

या खेळातही 'सोपे करा' आणि 'सोपे करू नका' हे भांडण झालेच. २०१० च्या डिसेंबरात आलेल्या 'कॅटॅक्लिझम' भागातले हिरॉइक डंजन इतके अवघड निघाले की खेळाडूंनी ओरड केली. खेळाचे एक प्रमुख रचनाकार ग्रेग स्ट्रीट यांनी २०११ च्या जानेवारीत लेख लिहून त्या अवघडपणाची बाजू मांडली. तरी पुढे ते डंजन काहीसे सैल करावेच लागले. पण त्याच वर्षाच्या शेवटी कंपनीने आणखी एक गोष्ट केली. 'रेड' नावाच्या मोठ्या मोहिमांसाठी खाली एक नवीनच सोपी पायरी बांधली. वरची होती तिथेच राहिली. शाळेच्या भाषेत सांगायचे तर पेपर सोपा न करता जिन्याला एक पायरी जोडली.

आता आपल्याकडे बघू. आपल्या जिल्ह्यात झरी जामणी, मारेगाव, केळापूर या भागांत कोलामांचे पोड आहेत. ज्या घरांत कोलामी बोलतात तिथले मूल पहिलीत येते आणि मराठी पुस्तक उघडते. कोलामी ही द्राविडी कुळातली, गोंडी-तेलुगूच्या नात्यातली भाषा. यवतमाळच्या मुलाला 'कणीस' हा शब्द फक्त वाचायला शिकायचा असतो. कणीस पोडावरच्या मुलानेही शेतात पाहिलेले असते, पण त्याला आधी हा शब्द शिकायचा असतो आणि मग वाचायचा. पुस्तक तेच, वर्ग तोच, परीक्षाही तीच. एक जण नॉर्मल खेळतो आहे, दुसरा पहिल्या दिवसापासून हिरॉइक. दारावर मात्र दोघांसाठी एकच पाटी: इयत्ता पहिली. वरून निकालाच्या दिवशी आपण म्हणतो, त्या मुलांना अभ्यासाची आवड नाही. खेळात निदान वरच्या पातळीला बक्षीस तरी मोठे असते हो!

पातळी लपवली की असा अन्याय होतो. उघड सांगितली की दुसरी अडचण येते, ती म्हणजे लाज. सीबीएसईने २०२० च्या दहावीपासून गणिताच्या दोन पातळ्या केल्या, 'बेसिक' आणि 'स्टँडर्ड'. अभ्यासक्रम एक, वर्गातले शिकवणे एक, बोर्डाची प्रश्नपत्रिका तेवढी वेगळी. म्हणजे तेच भुयार, दोन पातळ्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विषय दोन पातळ्यांवर ठेवण्याची सूचना आहे, सुरुवात गणितापासून. आपल्या राज्य मंडळाने काही वर्षे 'सामान्य गणित' ठेवले होते, ते पुढे बंद झाले.

आपल्याच नात्यातल्या एका मुलीने यंदा बेसिक घ्यायचे म्हटले, तर घरात सुतक पडल्यासारखे झाले. नाव लिहीत नाही, वाचणाऱ्यांना कळेल. "बेसिक म्हणजे ढ मुलांचं", "लोक काय म्हणतील", हे सगळे झाले. मुलीला पुढे काय करायचे आहे, हे मात्र कोणी विचारले नाही. तिला चित्रकलेकडे जायचे आहे. इंजिनिअरिंगला जायचे असते तर मीच म्हटले असते, बाळा, स्टँडर्ड घे, घाम गाळ. ज्या वाटेला जायचेच नाही, त्या वाटेवरचा राक्षस मारण्यात वर्ष घालवायचे कशाला? आणि तो वेळ तिने कागद-रंगांना दिला तर कोणाचे काय बिघडले?

एक तक्रार मात्र मला बोर्डाकडेही आहे. बेसिक घेतलेल्या मुलाला अकरावीत 'अप्लाइड मॅथेमॅटिक्स' घेता येते, पण नेहमीच्या गणितासाठी स्टँडर्डचा पेपर देण्याची अट मूळ नियमात आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचे मन बदलते. वर जायचा दरवाजा सताड उघडा हवा, नाहीतर पातळी ही पायरी न राहता भिंत होते.

खेळाचे गोडवे गाते आहे असे समजू नका. तिथेही कोणी अडखळला की मत घेऊन त्याला गटाबाहेर काढायची सोय आहे, आणि लोक ती निर्दयपणे वापरतात. वरच्या पातळीचे खेळाडू खालच्यांना तुच्छ लेखतात. माणसे इथून तिथून सारखीच. असो.

पण तिथली दारावरची पाटी मला आपल्या शाळांसाठी हवी आहे. मूल कोणत्या पातळीवर खेळते आहे, हे शिक्षकाला आणि आईबापाला आधी ठाऊक असावे. खालच्या पातळीला कोणी हसू नये आणि वरच्या पातळीचे मोल कमी करू नये. त्या मुलीचा बोर्डाचा फॉर्म भरायला अजून थोडे दिवस आहेत. तिच्या घरच्यांनी हे वाचले, आणि तिला एकदा समोर बसवून विचारले, तरी मला पुष्कळ झाले.