पाण्याचे घर्षण पुस्तकात का नाही?

पाणी उताराकडे का वाहते, असे विचारले तर तुम्ही चटकन ‘गुरुत्वाकर्षणामुळे’ असे सांगाल. गुणही पुरे मिळतील. पण मित्रहो, माझ्या मते हे उत्तर अर्धेच आहे.

समजा, एका कालव्याचा उतार ४००० मीटरला १ मीटर आहे. एक घनमीटर पाण्याचे वजन १००० किलो. त्यातला उताराच्या दिशेने ओढणारा भाग भरतो अवघा पाव किलो! तरीही दुसरे कोणतेच बल नसते, तर पाण्याचा वेग वाढतच गेला असता. १०० किलोमीटरवर तो ताशी ८० किलोमीटर झाला असता. नीरेचा डावा कालवा तर याहूनही लांब आहे. प्रत्यक्षात मातीच्या कालव्यात पाणी बहुधा सेकंदाला मीटरभरही सरकत नाही.

कारण तळ आणि काठ त्याला मागे खेचतात. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून लवकरच दोन्ही बले समान होतात आणि वेग स्थिरावतो. पॅरिसच्या पाणीपुरवठ्यासाठी कालवा आखताना आंत्वान शेझी या फ्रेंच अभियंत्याने १७७५ च्या सुमारास हाच हिशेब मांडला.

आता कालव्यात गवत आणि पाणकणीस माजले, की खडबडीतपणा सहज दुप्पट होतो. तेवढ्याच खोलीला वेग निम्म्यावर येतो. पूर्वीइतकेच पाणी न्यायचे तर रुंद कालव्यात ते सुमारे दीडपट खोल व्हावे लागते. मग काठ फुटण्याची भीती. साहजिकच वरून पाणी कमी सोडतात आणि टेलच्या शेतकऱ्याचा ऊस वाळतो. तो वरच्यांना दोष देतो. चोरी होतही असेल, पण गवताचा वाटा कोणी मोजत नाही. कालवा साफ करणे म्हणजे केवळ टापटीप, असेच आपण समजतो.

आपल्या पाठ्यपुस्तकांतले घर्षण मात्र लाकडी ठोकळ्यापाशीच थांबते. सूत्रे अवघड आहेत, हे शिक्षकांचे म्हणणे मान्य. पण इथे सूत्र हवे कशाला? जवळच्या पाटावर दहा मीटर अंतर मोजा. एक वाळके पान मध्यावर टाका, दुसरे काठालगत, आणि घड्याळ लावा. मग हाच प्रयोग गवत माजलेल्या तेवढ्याच रुंद पाटावर करा. शिक्षक सोबत हवेत, आणि पाण्यात मुळीच उतरायचे नाही.