शुश्रूषा कोणाच्या पायांवर उभी?

लंडनमध्ये १९८१ सालापासून दरवर्षी मॅरेथॉन शर्यत भरते. ४२ किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर हजारो माणसे धावून पार करतात. त्यांतील फार थोड्यांना जिंकावयाचे असते. पुष्कळांच्या छातीवर एखाद्या हॉस्पिसचे नाव असते आणि पाठीवर आईचे, वडिलांचे किंवा पत्नीचे. त्या माणसाचे अखेरचे दिवस ज्या संस्थेने सुसह्य केले, तिच्यासाठी हे धावणे असते. शेजाऱ्यांनी व कचेरीतील सहकाऱ्यांनी त्यासाठी रकमा कबूल केलेल्या असतात. कोणी सायकलवरून देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो, कोणी डोंगर चढतो. या माणसांच्या चांगुलपणाविषयी शंका घेणे क्षुद्रपणाचे ठरेल. शंका घ्यावयाची ती त्यांना धावावयास लावणाऱ्या व्यवस्थेविषयी.

ज्यांचा आजार बरा होण्यापलीकडे गेला आहे, अशांच्या वेदना शमविणे, त्यांचे भय कमी करणे आणि घरच्यांना धीर देणे हे हॉस्पिसचे कार्य. या कार्याला आधुनिक रूप दिले ते डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी. आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि अखेर डॉक्टर अशी त्यांची वाटचाल. डेव्हिड टाझ्मा हा पोलंडमधून आलेला ज्यू निर्वासित १९४८ साली लंडनमध्ये कर्करोगाने मरण पावला. त्यांच्या संकल्पित शुश्रूषागृहासाठी त्याने ५०० पौंड मागे ठेवले. त्या बीजातून पुढे १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभे राहिले.

त्याच १९४८ साली, ५ जुलैला, ब्रिटनमध्ये मजूर सरकारची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. सुसंस्कृत समाजातील रुग्णालयांनी खासगी दानावर जगावे हे आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांना लाजिरवाणे वाटे. परिचारिकांना रस्त्यावर वर्गणी गोळा करावी लागते याविषयीचा आपला उद्वेग त्यांनी १९४६ साली पार्लमेंटात बोलून दाखविला होता. जन्म आणि आजार शासनाच्या जबाबदारीत आले. मरणासन्नांच्या विशेष शुश्रूषेचा मोठा भाग मात्र दानपेटीतच राहिला. इंग्लंडमधील प्रौढांच्या हॉस्पिसांना शासनाकडून सरासरीने खर्चाच्या सुमारे एकतृतीयांश रक्कम मिळते. उरलेली रक्कम मृत्युपत्रांतील देणग्या, जुन्या वस्तूंची दुकाने आणि धावणारे पाय यांतून उभी राहते. रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत, ही या चळवळीची थोरवी.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या व्यवस्थेत दोन दोष आहेत. वेदना रोज असते, रात्रपाळीच्या परिचारिकेचा पगार दरमहा असतो; देणगी मात्र मंदीत आटते. दुसरा दोष विषमतेचा. सुखवस्तू वस्तीतील हॉस्पिसला सुखवस्तू दाते लाभतात, आणि ज्या गावातील कारखाने बंद पडले तेथे गरज मोठी असूनही खिसे रिकामे असतात. शासन यात अगदीच हात आखडून बसते असेही नाही. करदात्याने दिलेल्या प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स शासन भर घालते. परंतु हा सार्वजनिक पैसा कोठे जावा, हे गरज ठरवीत नाही, दात्याची मर्जी ठरविते.

याहून विपरीत गोष्ट अलीकडची. मालकांनी भरावयाच्या राष्ट्रीय विमा वर्गणीचा दर १३.८ टक्क्यांवरून १५ टक्के करण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२४ च्या अंदाजपत्रकात झाला आणि एप्रिल २०२५ पासून तो लागू झाला. सरकारी आरोग्य सेवेला त्याची भरपाई मिळाली, हॉस्पिसांना मिळाली नाही. म्हणजे धावून जमविलेल्या पैशातील काही वाटा पुन्हा सरकारी तिजोरीतच गेला! डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने १० कोटी पौंड जाहीर केले. पण ते इमारती व साधनसामग्रीसाठी. हे सर्व बेव्हन यांच्याच पक्षाच्या राजवटीत घडले.

यावर आक्षेप घेतला जातो, की हॉस्पिस सरकारी झाले तर त्यातील माया जाईल आणि फायली येतील. आक्षेप निराधार नाही. परंतु खर्च कोणी सोसावा आणि कारभार कोणी पाहावा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. केरळने त्यांची योग्य फोड केली. १९९३ साली कालिकतमध्ये काही डॉक्टरांनी वेदनाशमनाचे काम सुरू केले. पुढे वस्तीवस्तीतील सामान्य माणसे छोट्या वर्गण्या व स्वतःचा वेळ देऊन त्यात उतरली. २००८ साली राज्य सरकारने या शुश्रूषेचे धोरण स्वीकारले आणि ग्रामपंचायतींपर्यंत जबाबदारी नेली. परिचारिका घरी जाते, तिच्याबरोबर शेजारचा स्वयंसेवक असतो. शासन आले म्हणून माया गेली नाही.

महाराष्ट्राचे चित्र काय? भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झाले. २००४ पासून मुंबईतही मॅरेथॉन होते आणि तिच्या निमित्ताने संस्थांसाठी मोठ्या रकमा जमतात. ते स्वागतार्हच आहे. पण काही गोष्टी कितीही धावून मिळत नाहीत. मॉर्फिन हे स्वस्त औषध. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील परवान्यांच्या जंजाळामुळे कर्करोगाच्या रुग्णांना ते मिळणे दुरापास्त झाले. जंजाळ सैल करण्यासाठी २०१४ साली कायदाच बदलावा लागला. तेथे देणगी कामाची नव्हती. पाठपुरावा कामाचा होता.

म्हणून कार्यकर्त्यांनी धावणाऱ्यांचे कौतुक करावे, शक्य असेल तर स्वतःही धावावे. पण तेवढ्यावर थांबू नये. आपल्या तालुक्यात मॉर्फिन कोठे मिळते, वेदनाशमनाचे शिक्षण घेतलेली परिचारिका आहे काय, आणि जिल्हा परिषदेने त्यासाठी किती तरतूद केली, हे विचारले पाहिजे. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात देह पणाला लावला, तो हरिजनांसाठी देणगी मागण्याकरिता नव्हे. मंदिराचे दार उघडावे या हक्कासाठी. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाचे शांत मरणही हक्काचेच असले पाहिजे. शेजाऱ्याच्या पायांत किती बळ आहे, यावर ते अवलंबून राहता कामा नये.