पाड्यावरचा कापडी फलक

सूचनाफलक म्हटला की डोळ्यांपुढे काय उभे राहते? काचेची दारे, आत हिरवी बनात आणि बाहेर बोटभर कुलूप. किल्ली शिपाईमामांकडे आणि शिपाईमामा बँकेत गेलेले! आतली सूचना सुखरूप असते यात शंका नाही. परंतु सूचना हा काही कडीकुलपात ठेवण्याचा दागिना नव्हे.

माझे म्हणणे असे की, माणसाने फलकाकडे यावे ही रीत जव्हार-मोखाड्यात पुरी पडत नाही. फलकानेच माणसाकडे जायला हवे. आपल्यापैकी कितीतरी जण पाड्यांवरून एसटीने येतात. भातलावणीच्या दिवसांत आठ-आठ दिवस येणे होत नाही. नेमक्या त्याच दिवसांत शिष्यवृत्तीची नाही तर वसतिगृहाची मुदत लागते आणि उलटूनही जाते. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाला आणि ठाण्याचे जिल्हा कार्यालय पालघरला आले. सरकार तेवढे जवळ आले खरे, पण पाड्यावर कागद अजून ऐकीव बातमी होऊनच पोचतो. 1996 च्या पेसा कायद्याने पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मिळू शकते. पण ती केव्हा आहे हे पाड्याला आधी कळायला नको का?

‘अरे, मोबाईल आहेत की!’ असे कोणी म्हणेल. आहेत ना. घरात एक असतो आणि दिवाळीनंतर तो बापाबरोबर वीटभट्टीवर जातो. रेंजसाठी टेकडी चढावी लागते ते निराळेच. शिवाय मोबाईलवरचा निरोप दुसऱ्या दिवशी वीस निरोपांखाली गाडला जातो. भिंतीवरचा कागद मात्र जागचा हलत नाही. आजीसुद्धा विचारते, ‘काय लिहिलंय रं त्यात?’ आणि चौथीतला नातू तो मोठ्याने वाचतो. फलकाचे निम्मे काम त्या वाचण्यातच होते.

भिंत बोलकी करणे आपल्याकडे नवे नाही. वारल्यांच्या घरी लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, तो भिंतीवरच. पुढे 1970 नंतरच्या काळात ही चित्रे कागदावर नि कापडावर आली. जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. शेणाने किंवा गेरूने सारवलेल्या कापडाने भिंतीचे काम केले. मग कापडी फलक आपल्याला का जमू नये?

अडचण कुडाची आहे. कारवीच्या काठ्यांवर मातीशेणाचा लेप. त्यात खिळा ठोकला तर खिळ्यासकट ढेकूळ हातात येते. तेव्हा लाकडी, जड फलक इथे कामाचा नाही. तो हलका हवा आणि मेढीला किंवा आड्याला दोरीने टांगता यायला हवा. मी घरी केला तो असा.

किराणा दुकानातले पुठ्ठ्याचे खोके आणले. दोन फूट बाय तीन फुटांचे तीन तुकडे कापून एकावर एक चिकटवले. पुठ्ठ्यातल्या नळ्या एका थरात उभ्या आल्या तर पुढच्यात आडव्या याव्यात, म्हणजे फलक वाकत नाही. चिकटवायला मैद्याची खळ. शिजवताना तिच्यात चिमूटभर मोरचूद घातले की कसर लागत नाही. (मोरचूद विषारी आहे. भांडे स्वयंपाकाचे नको, आणि पोरांना लांब ठेवा.) वर पाटा ठेवून दोन दिवस वाळू दिले. हे काम उन्हाळ्यातच करावे. आपल्या पावसात खळ वाळण्याआधी बुरशी धरते. मागे बांबूच्या चार कांब्या बांधल्या. पुढून जुन्या घोंगडीचा तुकडा अंथरला, कारण टाचणी धरून ठेवायला काही मऊ आणि जाड लागते.

त्यावर कापड. नवे घ्यायची गरज नाही, आईचे विरलेले लुगडे चालते; रंग गडद आणि साधा असावा, फुलाफुलांच्या कापडावर चिठ्ठी हरवून जाते. चारी बाजूंनी तीन बोटे जास्त ठेवावे. कापडाला खळ अजिबात लावू नये, डाग पडतात. खाटेची नवार ताणतात तसे दाभणाने आणि सुतळीने मागच्या बाजूला एका काठापासून समोरच्या काठापर्यंत ओवून ताणावे. आधी मध्य, मग कडा, कोपरे शेवटी. पुढे धुवायचे झाले तर सुतळी सोडली की झाले. टाचण्या पावसाळ्यात गंजतात, म्हणून मी पुढून दोन तिरप्या नाड्या ताणल्या. कागद त्यांच्यात खोचायचा. नाहीतर बाभळीचा काटा आहेच! सगळा खर्च सुतळी, मैदा, मोरचूद आणि नाडी यांचा. फलक भिंतीला चिकटवू नये, मागे चार बोटे हवा राहू द्यावी. ओल आणि वाळवी दोन्ही टळतात. खालची कड लहान मुलाच्या छातीशी यावी. मूळ कागदपत्रे मात्र यावर कधीच लावू नयेत. तारखा आणि सूचनांच्या नकला तेवढ्या लावाव्यात.

‘कुलूप नाही, मग कोणीही काहीही लावेल,’ असा आक्षेप एका प्राध्यापकांनी घेतला. लावू देत की! कोणीही लावू शकतो म्हणूनच तर तो पाड्याचा फलक. एकच बंधन पुरे आहे: चिठ्ठीवर तारीख घालावी आणि ती तारीख उलटली की ज्याची त्याने काढावी. पुढाऱ्यांच्या वाढदिवसांना मात्र माझा सक्त विरोध राहील. त्यांना रस्त्यावरची कमान पुरेशी आहे.

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे हिवाळी शिबिर दरवर्षी सात दिवस होते. त्यात प्रभातफेरी असते, घोषणा असतात, रस्ता झाडून होतो आणि आठव्या दिवशी त्यावर पुन्हा पाचोळा पडतो. यंदा त्यातले तीन दिवस फलकांना द्यावेत, एका गटाने एक फलक करावा आणि ज्याच्या त्याच्या पाड्यावर न्यावा, असे मी सुचवतो. खोके बाजारपेठेत मागितले तर मिळतात. दाभण माझ्याकडे आहे.