बीदरने इजिप्तकडून काय घ्यावे?

१ नोव्हेंबर २०२५ रोजी गिझाच्या पिरॅमिडांजवळ इजिप्तच्या भव्य संग्रहालयाचे औपचारिक उद्घाटन झाले आणि प्राचीन वास्तूंच्या पर्यटनाकडे जगाचे लक्ष पुन्हा वळले. अशा बातमीनंतर आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो: आपल्या वारशाकडे पर्यटक का वळत नाहीत? बीदरलगतच्या कमठाण्यासारख्या गावांसाठी हा रोजगाराचाही प्रश्न आहे. मात्र पर्यटक आणण्याआधी किती जणांना आणि कोठवर आत सोडायचे, हे ठरवणे अगत्याचे आहे.

गोमंतकीयांना बीदर परके नाही. ज्या महमूद गवानने १४७२ मध्ये गोवा बहमनी राज्यास जोडला, त्याचाच मदरसा त्या सुमारास बीदरमध्ये उभा राहिला. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटात त्याचा मोठा भाग ढासळला. जवळच्या अष्टूर येथे अहमदशहा वलीची कबर आहे. तिच्या घुमटाच्या आतील रंगकाम आणि सोनेरी अक्षरे आजही टिकून आहेत. २०१४ मध्ये बीदरसह दख्खनी सुलतानांच्या वास्तू युनेस्कोच्या संभाव्य यादीत आल्या. ती यादी म्हणजे अंतिम मान्यता नव्हे.

थडग्यातील रंगांना गर्दीचा श्वासही बाधतो, हे इजिप्त अनुभवातून शिकला. लक्सरजवळील राणी नेफरतारीच्या थडग्यातील चित्रे क्षारांमुळे सुटू लागली होती. १९८६ ते १९९२ या काळात त्यांचे जतन झाले, आणि पुढे ते थडगे मर्यादित प्रवेशानेच खुले करण्यात आले. तुतनखामेनच्या थडग्याची हुबेहूब प्रतिकृती २०१४ मध्ये उभारण्यात आली, ती मूळ थडग्यावरील ताण हलका करण्यासाठी.

अष्टूरची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे मुसलमान आणि लिंगायत दोघेही श्रद्धेने येतात. उरुसात दोघांचाही सहभाग असतो. ही वास्तू केवळ तिकिटाच्या खिडकीतून चालवता येणार नाही. भाविकांचा हक्क अबाधित ठेवूनच पर्यटकांच्या तुकड्या, वेळा आणि छायाचित्रणाचे नियम आखावे लागतील. त्यासाठी आसपासच्या गावांतील कन्नड, मराठी आणि दख्खनी जाणणाऱ्या तरुणांना वाटाडे म्हणून तयार करावे. त्यांना काम मिळेल, वास्तूला राखणदार लाभतील.

मर्यादा गर्दी होण्यापूर्वी घातली, तर तिला नियोजन म्हणतात. नंतर घातली, तर ती केवळ डागडुजी ठरते. बीदरला अजून पहिल्या वाटेने जाता येईल.