भांडवल मुलांच्या हाती, मालकी कोणाची?

शिकून बाहेर पडणाऱ्या तरुणाला काम देता येत नाही, हे कबूल करण्याऐवजी त्यानेच काम निर्माण करावे असा उपदेश करणे राज्यकर्त्यांना नेहमीच सोयीचे असते. दिल्ली सरकारने २०२१ साली सरकारी शाळांत सुरू केलेल्या ‘बिझनेस ब्लास्टर्स’ या उपक्रमाकडे समाजवाद्यांनी संशयाने पाहावे, हे म्हणूनच स्वाभाविक आहे. पण संशय व्यक्त करून विषय सोडून देणे म्हणजे चांगले क्षेत्र प्रतिपक्षाला आंदण देणे होय.

अकरावी-बारावीच्या मुलामुलींनी गट करावेत, व्यवसायाची किंवा समाजोपयोगी कामाची कल्पना काढावी आणि त्यासाठी सरकारने प्रत्येकी २ हजार रुपये बीजभांडवल द्यावे, अशी ती योजना. सुमारे ३ लाख विद्यार्थ्यांसाठी ६० कोटी रुपयांची तरतूद झाली. तारणाला काहीही नसलेल्या कष्टकऱ्याच्या मुलाच्या हाती तारणाविना भांडवल यावे, त्याने चारचौघांशी वाद घालून निर्णय घ्यावा, खर्चाचा हिशेब मांडावा, ही गोष्ट क्षुल्लक नाही. सधनांच्या मुलांना हे शिक्षण घरातच मिळते.

दोष आहे तो या प्रयोगाला गुंडाळलेल्या विचारात. ‘नोकरी मागणारे नव्हे, नोकरी देणारे व्हा’ हे त्याचे ब्रीद. सगळेच नोकरी देणारे झाले, तर काम करणार कोण, हा साधा प्रश्न त्यात विचारलेला नाही. बेकारी मुलांच्या मनोवृत्तीतून उद्भवत नाही. ती गुंतवणूक, मागणी आणि सार्वजनिक खर्च यांच्या अपुरेपणातून उद्भवते. हे झाकले की, उद्या अपयशी ठरणारा तरुण व्यवस्थेला जाब विचारण्याऐवजी स्वतःलाच दोष देत बसेल. त्यातच गुंतवणूकदारांपुढे मुलांना उभे करून त्यांची चढाओढ दूरचित्रवाणीवर दाखविली गेली. सहकार्याने सुरू झालेले काम अशा रीतीने स्पर्धेत संपले. २०२५ साली दिल्लीत सत्तांतर झाले. परंतु हा प्रश्न एका पक्षापुरता कधीच नव्हता.

शाळेतील उत्पादनाचा वाद आपल्याकडे जुना आहे. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शाळा स्वावलंबी करण्याची कल्पना मांडली. मुलांनी केलेला माल बाजारात आला, तर त्याच धंद्यावर पोट असलेल्या कारागिराचे काय, अशी हरकत तेथे प्रा. के. टी. शाह यांनी घेतली. हेच शाह पुढे १९४८ साली घटना समितीत ‘समाजवादी’ हा शब्द घटनेत यावा म्हणून झगडले. त्यांची हरकत आजही लागू पडते. सरकारी पैशावर उभा राहिलेला मुलांचा उद्योग वस्तीतल्या शिंप्याच्या किंवा खाद्यपदार्थ विकणाऱ्या बाईच्या घासावर उठणार असेल, तर त्याला सामाजिक कसे म्हणावे?

स्पेनमधील बास्क प्रांतात याला एक उत्तर सापडले. मोंड्रागॉन येथे आरिझमेंदिआरिएता या धर्मगुरूने १९४३ साली तंत्रशाळा काढली. तिच्यातून शिकलेल्या पाच तरुणांनी १९५६ साली कामगारांच्या मालकीचा कारखाना उभारला आणि १९६६ साली ‘अलेकोप’ ही विद्यार्थ्यांची सहकारी संस्था निघाली. तेथील विद्यार्थी दिवसाचा काही वेळ काम करीत, काही वेळ शिकत. त्यांना मालक होण्याचे नव्हे, सहमालक होण्याचे शिक्षण मिळाले.

महाराष्ट्राला तर यासाठी नवा कायदाही नको. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमातील कलम २२ सभासदाला करारास पात्र असण्याची अट घालते. परंतु केवळ शाळा-महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या हितासाठी काढलेल्या संस्थेला ती अट लागू नाही. अज्ञान मुलालाही तेथे सभासद होता येते. ही तरतूद बहुधा वह्या-पेन्सिली विकणाऱ्या भांडारापलीकडे पोचलेली नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. शाळेला बीजभांडवल जरूर द्या. पण ते विद्यार्थ्यांच्या सहकारी संस्थेला द्या. प्रत्येकाला एक मत असावे, हिशेब सर्वांसमोर वाचले जावेत आणि वाढाव्याचे काय करायचे ते सभेने ठरवावे. वस्तीला कशाची गरज आहे याची पाहणी आधी व्हावी, वस्तू नंतर ठरावी. शिक्षण मंडळांशी आणि शाळासमित्यांशी संबंध असलेल्या कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यात एका शाळेपासून आरंभ करावा. नफा कसा मिळवावा हे मुलांना बाजार शिकवीलच. तो कोणाच्या श्रमातून येतो आणि कोणाकडे जातो, हे शिकविण्याची जबाबदारी समाजवाद्यांची आहे.