शाखेचा पहिला ठराव

दरवर्षी ७ डिसेंबरला आपल्या मुलाच्या सदऱ्यावर लहानसा कागदी ध्वज टाचलेला आपण पाहतो. १९४९ पासून चालत आलेला हा सशस्त्र सेना ध्वजदिन होय. डब्यात नाणे टाकले की आपले कर्तव्य संपले, असे आपणांस वाटते. परंतु ज्याच्यासाठी तो डबा फिरतो, तो माजी सैनिक कित्येकदा आपल्याच गल्लीत राहत असतो. आणि नाण्यापेक्षा त्याला सोबतीची गरज अधिक असते.

जबलपूरचेच उदाहरण घ्या. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन रेजिमेंटांची केंद्रे या शहरात आहेत. १९६५ च्या युद्धात परमवीरचक्राचे मानकरी ठरलेले अब्दुल हमीद ग्रेनेडियर्सचेच. पुष्कळ जवान चाळिशीच्या आगेमागेच निवृत्त होतात. छावणीत असेतोवर त्यांची सारी कागदपत्रे पलटण सांभाळते. मग विजय नगरसारख्या नागरी वसाहतीत घर केले, की कालपर्यंत शेकडो सोबत्यांत वावरणारा हा मनुष्य एकाकी होतो.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न जुना आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ मध्ये, ब्रिटिश साम्राज्यातील माजी सैनिकांच्या संघटना केपटाऊन येथे एकत्र आल्या. आपल्याकडे १९६४ मध्ये जनरल करिअप्पा यांच्या पुढाकाराने इंडियन एक्स-सर्व्हिसेस लीग स्थापन झाली. पण दिल्लीतील संस्था विजय नगरातील दारापर्यंत पोहोचते ती स्थानिक शाखेच्या पायांनीच.

अशी शाखा निघाली, तर तिचा पहिला ठराव कोणता असावा? फलक, सत्कार, संचलन ही कामे मागाहून होतील. प्रथम घरोघर जाऊन कागद पाहावेत. डिस्चार्ज बुकात आणि निवृत्तिवेतनाच्या आदेशात पत्नीचे नाव व जन्मतारीख बरोबर आहे काय? बँकेच्या पुस्तकात व आधारपत्रावर तेच नाव आहे काय? सासरी नाव बदललेले असते; कोठे एखादे अक्षर चुकलेले असते. सैनिक हयात असेपर्यंत ही चूक कोणाला टोचत नाही. तो गेल्यावर मात्र त्याच एका अक्षरापायी विधवेचे कुटुंब-निवृत्तिवेतन अडून राहू शकते. जे काम पतीने रेकॉर्ड ऑफिसला वेळीच लिहून करून घ्यावयाचे, ते शोकाच्या दिवसांत तिला एकटीने करावे लागते.

म्हणून शाखेने एक साधी वही ठेवावी. कोणाचा हयातीचा दाखला केव्हा द्यावयाचा, २००३ साली सुरू झालेल्या माजी सैनिक आरोग्ययोजनेचे कार्ड कोणाकडे नाही, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कोणाची नोंद राहिली आहे, हे तीत लिहावे. सभेस पत्नींनाही बोलवावे. कारण कागदाची अखेरची गरज बहुधा त्यांनाच पडते.

आपण सैनिक नसाल, तरीही या कामात आपल्याला जागा आहे. अर्ज लिहून देणारी शिक्षिका किंवा बँकेपर्यंत सोबत करणारा महाविद्यालयीन मुलगा शाखेला हवाच असतो. येत्या ध्वजदिनी डब्यात नाणे अवश्य टाका, पण त्याच सायंकाळी शेजारच्या माजी सैनिकाचे दार ठोठावून विचारा, "काका, काकूंचे नाव कागदावर बरोबर आहे ना?"