दूर कोण, पक्षी की विद्यापीठ?

पक्षिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण दूरस्थ पद्धतीने देता येईल काय, असा प्रश्न निघाला की विद्वज्जनांच्या चेहऱ्यावर मंद स्मित उमटते. पक्षी काय टपालाने पाठवणार, असा त्या स्मिताचा अर्थ असतो. आमच्या मते या स्मितामागे 'दूरस्थ' या शब्दाचा अविचारी वापर आहे.

कोण कोणापासून दूर? नांदगाव खंडेश्वर हे अमरावती-यवतमाळ रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. विद्यापीठ अमरावतीला, मुक्त विद्यापीठ नाशिकला आणि सालीम अलींच्या नावाने १९९० मध्ये स्थापन झालेली पक्षिविज्ञानाची संस्था थेट कोइमतूरला. या हिशेबाने इथला विद्यार्थी दूरचा ठरतो. पण टिटवी त्याच्याच वावरात अंडी घालते, कापशी त्याच्याच तुरीवर एका जागी फडफडत थांबते, आणि मृगाच्या तोंडावर पावशा त्याच्याच धुऱ्यावरच्या झाडातून ओरडतो. म्हणजे दूर आहे ते विद्यापीठ, पक्षी नव्हे.

पदवी आणि पक्षी यांचे नाते आपल्याकडे पूर्वीपासूनच विचित्र आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतील पक्षितज्ज्ञाचे पद सालीम अलींना मिळाले नाही, कारण त्यांच्यापाशी रीतसर विद्यापीठीय पदवी नव्हती. पुढे ते बर्लिनला एर्विन श्ट्रेसमान यांच्याकडे शिकले. १९३० मध्ये परतले तो मुंबईच्या संग्रहालयातील नोकरीही उरली नव्हती. तेव्हा अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरणीच्या विणीचा जो अभ्यास केला, त्याने त्यांचे नाव झाले. त्यांना गुरूची गरज होती, हे खरेच. पण सुगरण त्यांना घराजवळच्या झाडावर भेटली.

टपालाने पक्षिशास्त्र शिकवण्याचा प्रयोगही नवा नाही. अमेरिकेतील कॉर्नेलच्या पक्षिप्रयोगशाळेने घरबसल्या अभ्यासक्रम चालवला, आंध्रातील ऋषी व्हॅलीनेही चालवला. ते पदव्युत्तर नव्हते, एवढाच आक्षेप उरतो. मग पातळी वाढवा. एकाच तळ्याची दोन वर्षांची दैनंदिनी मागा, जीत तारीख, वेळ, हवामान आणि पक्ष्यांची संख्या असेल. परीक्षकाने न कळवता त्या तळ्यावर जावे आणि विद्यार्थ्याला तिथेच प्रश्न विचारावेत. मार्गदर्शिका पाठ करून ही परीक्षा उत्तीर्ण होता येणार नाही. वर्गात भरलेले पक्षी दाखवून घेतल्या जाणाऱ्या परीक्षेबद्दल असे म्हणण्याचे धाडस आम्हांला होत नाही.

एक गोष्ट मान्य करू. पक्ष्याला कडी घालणे, शरीररचना, वर्गीकरणाची आधुनिक तंत्रे हे पत्रातून शिकवता येत नाही. त्यासाठी वर्षातून काही आठवडे शिबिर हवे, आणि त्याला मेळघाटाहून चांगली जागा कोणती? १८८४ नंतर ज्याचा खात्रीलायक नमुना मिळाला नव्हता, तो रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसला आणि नंतर मेळघाटातही आढळला. तो नाहीसा झाला असे जग समजत होते, तेव्हाही तो रानात होताच. पाहणारे डोळे कमी होते. असे डोळे गावोगावी तयार करणे हे पदव्युत्तर शिक्षणाचे काम नाही काय?

साहित्याच्या अध्यापकांना याचे काय, असे कोणी विचारील. त्यांनाच अधिक आहे. चातक म्हणजे पावसाची वाट पाहणारा कविसंकेत, असे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. पण काळापांढरा, शेंडीवाला चातक पावसाबरोबर वऱ्हाडात खरोखर येतो आणि सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो, हे आम्हीच कधी पाहिले नव्हते. संकेत शिकवला, पक्षी गाळला. मारुती चितमपल्लींना २००६ च्या सोलापूर संमेलनाचे अध्यक्षपद देऊन मराठीने त्यांचा गौरव केला. १८ जून २०२५ रोजी ते गेले तेव्हा श्रद्धांजल्याही वाहिल्या. पण त्यांचा 'पक्षीकोश' मराठीच्या किती वर्गांत उघडला जातो?

मराठीत पारिभाषिक शब्द नाहीत, ही सबब म्हणूनच टिकत नाही. शब्द कोशात आहेत, शिवारात आहेत, फासेपारध्यांच्या तोंडी आहेत. ते वापरणारा अभ्यासक्रम तेवढा नाही. तो होईपर्यंत नांदगावच्या विद्यार्थ्याला 'दूरस्थ' म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.